पहिल्या शिफ्टची वाचनबस

माझ्या वाचनाचा वेग मोजला गेला तो निगडी प्राधिकरणातल्या एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये. गाडी बाहेर रस्त्यावर काढलेली, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरा फळा आणि फळ्यासमोर जलद वाचनाचा क्लास घेणारे गणराज सर. सरांनी प्रत्येकाला एक उतारा दिला, मोबाईलवर वेळ लावली आणि म्हणाले, "वाचा." मी वाचला. मान वर केली तेव्हा बाकीचे सगळे, त्यात अकरावीतल्या दोन मुलीही आल्या, हाताची घडी घालून माझ्याकडे बघत बसले होते. सर समजूतदार होते. म्हणाले, "हरकत नाही, काही लोक ओठांनी वाचतात." चाळिशी उलटलेल्या, कंपनीचं अख्खं स्टोअर्स सांभाळणाऱ्या माणसाने पोरींच्या देखत हे ऐकून घ्यावं, ही काही बरी गोष्ट नव्हे. पण मी तिथे हौसेने गेलोच नव्हतो.

आमची कंपनी चाकणला आहे, गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवते. वार्षिक मुलाखतीत आमचे प्लांट हेड साहेब मला म्हणाले, "ज्योतीराम, तुझं काम चोख आहे. पण तू मेल वाचून उत्तर देईपर्यंत ट्रक गेटवरून परत गेलेला असतो." त्यावर गप्प बसायचं सोडून मी म्हणालो, "साहेब, यंदा वाचनाचा वेग दुप्पट करतो. शिवाय महिन्याला दोन पुस्तकंही वाचतो." पुस्तकांचं कुणी विचारलंही नव्हतं. असिस्टंट मॅनेजरची जागा रिकामी होती, तीच माझ्या तोंडून बोलली. साहेबांनी तिथल्या तिथे ते माझं वर्षाचं उद्दिष्ट म्हणून संगणकात टाकलं, आणि आमच्याकडे संगणकात गेलेली गोष्ट पुन्हा बाहेर येत नाही.

गणराज सरांची पद्धत ऐकायला सोपी होती. ओळीखालून बोट फिरवायचं, जीभ टाळूला चिकटवून ठेवायची, म्हणजे मनातल्या मनात शब्द बोलले जात नाहीत, आणि काही कळलं नाही तरी मागे वळून बघायचं नाही. मी घरी वर्तमानपत्रावर सराव सुरू केला. पहिल्या पानावरून बोट असं झरझर गेलं की माझा मलाच अभिमान वाटला. बायको, दीपमाला, पोळ्या लाटत होती. म्हणाली, "झालं वाचून? मग पाणी कधी जाणार आहे ते सांगा."

मला आठवेना.

"अहो, पहिल्याच पानावर चौकटीत असतं."

मी तिला मागे वळून न बघण्याचा नियम समजावून सांगितला. तिने लाटणं खाली ठेवलं, पेपर माझ्या हातातून घेतला, ओठ हलवत हलवत चौकट वाचली आणि नळ सोडून बघितला. पाणी नुकतंच गेलं होतं. मग समोरच्या सुमनताईंकडून दोन बादल्या आणाव्या लागल्या, आणि बादल्यांबरोबर सल्लाही आला. "भाऊ, वाचन काही डोळ्यांनी होत नसतं, पोटाने होतं. पोट साफ ठेवा." त्यांनी त्रिफळा चूर्णाची डबी दिली. त्यांचे यजमान निवृत्त झाल्यापासून एकच पेपर दिवसभर पुरवून वाचतात, त्यामुळे त्या घरात वाचनाचा अनुभव दांडगा होता. चूर्ण मी घेतलं. त्याचा वाचनाला उपयोग झाला नाही. वाचायला निवांत जागा मात्र मिळाली.

पुढच्या रविवारी सरांनी चांगल्या सवयींचा धडा घेतला. प्रत्येकाच्या दिवसात काही वेळ मेलेला असतो, तो शोधायचा आणि जिवंत करायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. "तुमचा मेलेला वेळ कुठे आहे?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, कंपनीच्या बसमध्ये. सरांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. "अहो, मग तुम्ही श्रीमंत आहात!"

आता आमच्या बसविषयी सांगायला हवं. पहिल्या शिफ्टची बस निगडीहून अंधारातच निघते, स्पाइन रोडने मोशीला येते, तिथून हायवेने कुरुळी आणि पुढे चाकण. अंतर फार नाही, पण मोशीच्या पुढे ट्रक, कंटेनर आणि आमच्यासारख्या शंभर बसेस एकमेकांना खेटून उभ्या असतात. ड्रायव्हर आबाजी मूळचे कुरुळीचेच. शेवटचा माणूस चढला की ते आतले दिवे मालवतात. त्यानंतर कुणी बोलत नाही. ज्याचा मोबाईल वाजेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा. कंपनीच्या भिंतींवर इतके नियम लिहिलेले आहेत, त्यांतला एकही इतका काटेकोर पाळला जात नाही.

माझ्या शेजारी बुद्धरत्न बसायचा. प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करणारा, परभणीकडचा, मनाने मोकळा. घरी नुकत्याच जुळ्या मुली झालेल्या. तो म्हणायचा, "सर, पोरी झोपू देईनात. त्यांच्यात बी शिफ्ट आहे. एक झोपली की दुसरी ड्युटीवर येती." त्याला सलग झोप मिळायची ती फक्त या बसमध्ये. निगडीत डोळे मिटायचा तो गेटवर उघडायचा, आणि मग दिवसभर टनावारी दाबाच्या त्या यंत्रापुढे हात आत-बाहेर करायचा. हे मला माहीत होतं, तरीही मी पुढचे उद्योग केले.

पहिल्या दिवशी मी पुस्तकाला चिमट्याने अडकवायचा दिवा नेला. दिवा लावला तो उजेड पुस्तकावर कमी आणि बुद्धरत्नाच्या तोंडावर जास्त पडला. मागून कुणीतरी घसा खाकरला. आबाजींनी आरशातून बघत आवाज दिला, "ज्योतीराम भाऊ, मला वाटलं मागं जाळ लागला का काय. इझवा त्यो." मी विझवला. माझ्या डोक्यावरचा एकच दिवा लावता येईल का, असं खाली उतरल्यावर विचारलं, तर आबाजी म्हणाले, "समद्यास्नी एकच बटन हाय. लागलं तर समदं, न्हाईतर काहीच न्हाई."

म्हणून मी एचआरमध्ये गेलो. तिथे स्वरूपा नावाची नवी, हुशार आणि भयंकर उत्साही मुलगी आली आहे. ती म्हणाली, "सर, बस कंत्राटदाराची आहे. वेगळा दिवा म्हणजे वायरिंगमध्ये बदल. बदल म्हटला की सेफ्टीची मंजुरी हवी." सेफ्टीवाल्यांनी सांगितलं, आधी कंत्राटदाराचं पत्र आणा. कंत्राटदार म्हणाला, कंपनीने लेखी मागितल्याशिवाय मी पत्र कसं देऊ? असं मी बरेच दिवस गोल फिरलो. एवढ्या चकरांच्या वेळात माझी दोन पुस्तकं सहज झाली असती. शेवटी स्वरूपालाच माझी दया आली. "सर, तुम्ही याचं कायझेन का टाकत नाही? कायझेनला सगळ्या मंजुरी पटापट मिळतात."

कायझेन म्हणजे कामातली छोटीशी सुधारणा. आमच्या पट्ट्यात प्रत्येक कंपनीत ती दर महिन्याला सुचवावीच लागते, आणि तिला दोन फोटो लागतात, एक 'आधी'चा आणि एक 'नंतर'चा. 'नंतर'चा फोटो सोपा होता. दीपमालाने मला घरच्या सोफ्यावर पुस्तक देऊन बसवलं आणि काढला. 'आधी'चं काय करायचं ते सुचेना. मग एका सकाळी चाकणच्या चौकात बस अडकली होती, बाहेरचा उजेड आत येत होता, आणि बुद्धरत्न तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. मी फोटो काढला. त्याचा चेहरा झाकावा असं माझ्या मनात आलं होतं, पण ते मोबाईलवर कसं करतात ते मला सापडेना. चार माणसांच्या फायलीत पडून राहील, कोण बघणार, असं म्हणून मी तो पाठवून दिला.

तो कॅन्टीनच्या भिंतीवर लागला. रंगीत, हात लांब केले तरी मावणार नाही एवढा. डावीकडे बुद्धरत्न, त्याच्यावर लाल फुली आणि खाली 'आधी : वेळेचा अपव्यय'. उजवीकडे सोफ्यावर मी, हिरवी खूण आणि 'नंतर : ज्ञानवृद्धी'. महिन्यातलं सर्वोत्तम कायझेन म्हणून मला प्रमाणपत्र आणि स्टीलची पाण्याची बाटली मिळाली. साहेब टाळ्या वाजवत म्हणाले, "याचं हॉरिझॉन्टल डिप्लॉयमेंट करा." म्हणजे एका यंत्रावर केलेली सुधारणा सगळ्या यंत्रांवर करायची, इथे सगळ्या बसेसमध्ये. "साहेब, मला फक्त एक दिवा हवा होता," असं मी म्हणालो, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

बुद्धरत्न ताट हातात धरून भिंतीपुढे उभा होता. मी जवळ गेलो. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "सर, मी झोपलो होतो की. झोपलेल्या माणसाचा फोटो काढतेत का?" मी काहीतरी पुटपुटलो, कंपनीचं धोरण वगैरे. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या बाकावर बसायला लागला. मला इतकं लागलं की त्या दिवशी मी चूर्णही घेतलं नाही.

मग वाचनबस सुरू झाली. सगळे दिवे निगडीपासून गेटपर्यंत लख्ख. दाराशी पुस्तकांची पेटी, चढताना एक उचलायचं. गेटवर स्वरूपा हातात टॅब घेऊन उभी, उतरणाऱ्या कुणालाही अडवून विचारणार, "आज काय वाचलं? त्यातून काय घेतलं?" वेल्डिंगवाला एक गडी रोज एकच उत्तर द्यायचा, "वेळेचं महत्त्व घेतलं मॅडम." पेंट शॉपमधल्या एकाने यंत्रतेलाविषयीचं तेच पुस्तक सगळा हिवाळा पुरवलं. काहींनी पुस्तक नाकासमोर धरून उघड्या डोळ्यांनी झोपायची कला साधली. तीही फार दिवस टिकली नाही, कारण पुढे स्वरूपाने प्रत्येकाचा वाचनाचा वेगही मोजायला घेतला, आणि ज्या मुलांचे आकडे बरे आले त्यांची नावं कॅन्टीनमध्ये लागली. माझा आकडा शेवटून दुसरा होता. शेवटचा आजारी असून रजेवर होता.

मी चढलो की बसमधून आवाज येई, "आले रे सर, फिरवा बोटं." माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. चहाला कुणी बोलवेना. एवढा उजेड, एवढी शांतता, आणि माझं एक पान पुढे सरकत नव्हतं. तारवटलेले डोळे घेऊन अख्खी बस आपल्याकडे बघत असताना माणूस वाचणार तरी काय? एकदा टपरीवर आबाजी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, इतकी वर्सं आमी ह्यास्नी नेतोय. झोपल्याली मानसं न्यायला बरं वाटायचं बगा. वाटायचं, आपल्या भरवशावर झोपल्यात." मी चहाचे पैसे द्यायला गेलो तर त्यांनी देऊ दिले नाहीत.

स्वरूपाकडे जाऊन मी म्हणालो, बंद करा हे. ती खरोखर गोंधळली. "सर, लागू झालेलं कायझेन मागे घ्यायची सोयच नाही. सिस्टिममध्ये तसा पर्यायच नाही. फक्त पुढचं कायझेन टाकता येतं." मला पुन्हा कायझेन टाकायची भीती वाटत होती.

आणि मग ते झालं. सकाळची वेळ, प्रेस शॉप. बुद्धरत्नाचा डोळा लागला आणि हात यंत्रात राहिला. सेन्सरने प्रेस वरच थांबवली. एक ओरखडासुद्धा नाही. पण मला स्टोअर्समध्ये निरोप आला तसा मी हातातलं काम टाकून धावलो. तो भिंतीला टेकून उभा होता आणि आपल्याच बोटांकडे बघत होता. मी त्याला पाणी दिलं. त्याने घेतलं, माझ्याकडे बघितलं नाही.

आमच्याकडे असं काही घडलं की लगेच सगळ्यांना फळ्यापुढे उभं करून पाच वेळा 'का' विचारतात, म्हणजे मूळ कारण सापडतं. साहेब स्वतः आले. स्वरूपाने खडू हातात घेतला.

"हात आत का राहिला?"

"डोळा लागला," बुद्धरत्न म्हणाला.

"डोळा का लागला?"

"झोप झाली नाही."

"झोप का झाली नाही?" प्रेस शॉपचे चार-पाच जण एकदम म्हणाले, "बसमध्ये दिवे असतात." दिवे का असतात? वाचनासाठी. वाचन का? इथे सगळे एक-एक करत माझ्याकडे वळले. स्वरूपाने प्रामाणिकपणे पाचव्या 'का'पुढे 'ज्योतीराम सर' लिहिलं आणि खाली 'मूळ कारण' या चौकटीतही तेच लिहिलं. पुढची चौकट होती, 'मूळ कारण कायमचे नाहीसे करण्याची जबाबदारी कोणाची?' इतक्या वर्षांच्या नोकरीत माझी इतकी स्वच्छ व्याख्या कुणी केली नव्हती. मला फळ्यामागे जाऊन उभं राहावंसं वाटलं.

"मॅडम, सरांचं नाव पुसा," बुद्धरत्न म्हणाला. "पोरी माझ्या हायेत. रात्री मी जागतो. सरांनी काय प्रेस चालवली नाही."

ज्याचा फोटो मी भिंतीवर चढवला तो माणूस हे म्हणत होता. मी म्हणालो, "साहेब, नाव राहू द्या, ते बरोबर आहे. दिवे तेवढे बंद करा. असिस्टंट मॅनेजरचं माझं काय व्हायचं ते होऊ दे." साहेबांनी कपाळ चोळलं. बाकीच्या बसेसचे आकडे चांगले आहेत, वरच्या ऑफिसला कळवून झालंय, म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "उद्या मी तुमच्या बसने येतो. बघतो काय होतंय ते."

दुसऱ्या दिवशी साहेब खरोखर निगडीच्या थांब्यावर, स्वेटर घालून. एकच जागा रिकामी होती, माझ्या शेजारची. पेटीतून त्यांनी एक जाड पुस्तक उचललं. सगळी बस ताठ बसून वाचत होती; पानं उलटल्याचे आवाज शाळा तपासणीच्या दिवसासारखे एका लयीत येत होते. साहेबांनी पहिली दोन पानं नेमाने वाचली. स्पाइन रोडला त्यांचा चष्मा नाकावर आला. मोशी यायच्या आत पुस्तक त्यांच्या मांडीवरून घसरलं, ते मी वरच्यावर झेललं. ते झोपले होते. नुसती डुलकी नव्हे, बुद्धरत्नासारखे, तोंड उघडं टाकून.

बसमध्ये सगळ्यांनी पुस्तकं खाली केली. मागे कुणीतरी मोबाईल काढला. माझ्याही मनात आलं, हाच तो 'आधी'चा फोटो, यातच सगळ्यांची सुटका आहे. मी मागे वळून बघितलं. मोबाईल बुद्धरत्नाशेजारच्या मुलाच्या हातात होता, आणि बुद्धरत्नाने त्यावर आपला हात ठेवला होता. तो मान हलवून 'नको' म्हणत होता.

पुढून आबाजींनी आरशात बघून दबक्या आवाजात विचारलं, "मालवू का?"

प्लांट हेड बसमध्ये असताना प्लांट हेडचाच नियम मोडायचा होता, आणि विचारलं मला होतं. मी म्हणालो, "मालवा, आबाजी."

दिवे गेले. थोड्या वेळाने चहूकडून श्वासांचे आवाज यायला लागले. कुरुळीच्या पुढे नेहमीसारखी गर्दी लागली, आबाजींनी एकदाही हॉर्न दिला नाही आणि त्या दिवशी मला ती गर्दी संपूच नये असं वाटत होतं. गेटवर बस थांबली तरी कुणी उठेना. साहेबांना उठवणार कोण? शेवटी मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला. ते दचकले. समोर बघितलं, मागे बघितलं, अंधारात घोरणारी आपली माणसं बघितली. मग हळूच म्हणाले, "ज्योतीराम, घरी गोळी घेऊनही मला अशी झोप लागत नाही रे."

उपक्रम अर्थातच बंद झाला नाही. संगणकात गेलेली गोष्ट. आठवड्याने सूचना लागली की वाचनाचा पहिला टप्पा यशस्वी झाल्यामुळे आता दुसरा टप्पा सुरू होत आहे, वाचलेल्याचं मनन. मनन डोळे मिटून करायचं असल्याने बसमधले दिवे बंद राहतील. खाली स्वरूपाची सही होती आणि सुचवणारा म्हणून पुन्हा माझं नाव. याही वेळी फोटो मागितले, तेव्हा मी दोन्ही चौकटींत बंद दिव्याचा फोटो टाकला. बसमधली मुलं मला हल्ली 'मूळ कारण' म्हणतात. असिस्टंट मॅनेजरच्या जागेवर बाहेरून माणूस आला, तो मेल फार लवकर वाचतो म्हणे. भिंतीवरचा फोटो मात्र मी स्वतः खुर्चीवर चढून काढला आणि गुंडाळून बुद्धरत्नाच्या हातात दिला. गुंडाळी काखेत मारून तो प्रेस शॉपकडे गेला.

मनन फक्त सकाळच्या बसला असतं. दुपारी परतताना ऊन असतं, तेव्हा वाचायला कुणाची हरकत नाही. परवा मी खिडकीशी पुस्तक उघडून बसलो होतो, तर बुद्धरत्न पुढे आला, डबा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "सर, पोरींना दात यायलेत. रात्रभर नाचविलं." मी काही म्हणायच्या आत त्याचे डोळे मिटले होते. चाकणचा चौक ओलांडेपर्यंत त्याचं डोकं माझ्या उजव्या खांद्यावर आलं. तो हात पुस्तकाखाली अडकला होता. जरा हलवला असता तर तो जागा झाला असता. त्यामुळे पान उलटता येत नव्हतं. कुरुळी गेली, मोशी गेली, स्पाइन रोड लागला, आणि मी निगडीपर्यंत तेच एक पान पुन्हा पुन्हा, ओठ हलवत, सावकाश वाचत राहिलो.